मैना डब्यात चढेना!

तबेल्यात दोन गोष्टी रोज साचतात, लीद आणि किस्से. लीद निदान भाताच्या खाचरात खत म्हणून खपते. किस्से कुठे टाकणार? ते आमच्यासारख्यांच्या तोंडात राहतात आणि चार मित्र चहाला जमले की बाहेर पडतात. मी घोडबंदरच्या एका तबेल्यात लॉरी चालवायचो, त्यामुळे हा माल माझ्याकडे जरा जास्तच आहे. त्यातला मैना घोडीचा साठा आज उघडतो!

काळ लढाईचा. पेट्रोल रेशनवर गेलेलं, म्हणून आमची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. चालायची म्हणजे मनात आलं तर! खाडीच्या काठी शेठची वाडी, वाडीत तबेला. शेठ गुजराती, हौशी, तोंडाने गरम आणि पोटाने नरम. घोडे सांभाळायला अंतोनकाका, मूळचे दर्याकाठच्या डोंगरी गावचे. ते आणि त्यांची बायको मेरीबाई वाडीतल्याच एका खोपटात राहायचे.

एक दिवस एक गोरा कॅप्टन आला आणि वाडी लष्कराला हवी आहे असं सांगून गेला. महिनाअखेर जागा रिकामी! शेठने धावपळ करून पुण्याला तबेला बघितला आणि ओळखीतून घोड्यांचा एक डबा मिळवला. लॉरीमागे जोडायचा, चाकांचा, लाकडी डबा. मागची फळी खाली पाडली की तिचीच चढण व्हायची. बाकीचे घोडे दोन-तीन खेपांत पुण्याला पोचलेसुद्धा.

उरली मैना. आता गंमत बघा. गावाचं नाव घोडबंदर! एकेकाळी दर्यापारचे घोडे इथे गलबतांतून उतरायचे म्हणतात. आणि त्याच गावात आमची एक घोडी लाकडावर पाय ठेवेना. तिचं पण खरं होतं. लहानपणी पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, उतरवताना पायाखालची फळी मोडली आणि ती खाडीत पडली होती. तेव्हापासून लाकडाचा नुसता आवाज आला तरी तिच्या अंगावर थरथर उठायची. त्यात ती गाभण. घाटातून चालवत नेणं शक्यच नव्हतं.

शेठने निकाल देऊन टाकला, "चढली तर पुण्याला. नाही तर ठाण्याच्या टांगेवाल्याला देऊन टाकू. मी काय करू बाबा?"

गाभण घोडी टांग्याला! आई मेल्यावर मैनेला अंतोनकाकांनी हाताने दूध पाजून वाढवलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मेरीबाईंनीही पान वाढून तसंच झाकून ठेवलं.

*

पहिला प्रयत्न अर्थातच शेठचा. शेठचं म्हणणं असं, की जनावर आणि जावई, दोघंही मागून ढकलल्याशिवाय आत जात नाहीत. त्यांनी गावातून चार गडी आणले, घोडीच्या मागून जाड दोर फिरवला आणि हुकूम सोडला, "खेचो!"

मैनेने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा शेठकडे बघितलं आणि उसळी मारली. दोर सुटला, गडी एकमेकांवर पडले, आणि घोडी बांध ओलांडून थेट खाडीच्या चिखलात पोटापर्यंत जाऊन उभी राहिली. शेठची टोपी तिच्या आधी पोचली होती.

अंतोनकाका शांतपणे काठावर आले, डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं आणि म्हणाले, "शेठ, घोडी खाडीत चढली. डब्यात न्हाय."

शेठ तावातावाने म्हणाले, "मग तू चढव!" काकांना तेच पाहिजे होतं.

*

काकांनी पहिलं काम काय केलं असेल? मला सांगितलं, "ड्रायव्हर, डबा लांब नेऊन ठेव. ती डब्याला न्हाय घाबरत, लाकडाला घाबरते. आदी जमिनीवरचं लाकूड, मंग चढणीवरचं."

पण जमिनीवर ठेवायला रुंद फळी आणायची कुठून? लढाईच्या दिवसांत लाकूड मिळणं म्हणजे उंबराचं फूल. काकांनी सरळ स्वतःच्या खोपटाचं दार बिजागरीतून काढलं आणि अंगणात आडवं टाकलं!

मग रोज सकाळी तो खेळ. तोंडाला बांधलेल्या मोरकीचा दोर सैल धरायचा, दारापर्यंत यायचं, थांबायचं. मैनेने हुंगलं की मागे फिरायचं. ओढायचं नाही. एक खूर लाकडावर टेकला की गुळाचा खडा, आणि लगेच परत मागे. मी विचारलं, "काका, पाय ठेवला होता ना, मग मागे का घेतलंत?"

"अरे, जिला मागं येता येतं, तीच पुडं जाते. आत गेल्यावर बाहेर येता येणार न्हाय असं वाटलं, तर तू तरी जाशील काय?"

मला आमच्या सासुरवाडीची आठवण झाली आणि मी गुळाचा पुढचा खडा फोडायला घेतला.

आठवड्याभरात मैना दारावरून टापा वाजवत ये-जा करायला लागली. तिकडे मेरीबाईंच्या खोपटाला दार नाही. गोणपाटाचा पडदा! रात्री कुत्रं येऊन सुकटीची टोपली घेऊन गेलं. सकाळी मेरीबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या, "घोडी माज्या दारावर नाचते, आन् मी पडद्यामागं झोपते! लगीन माज्याशी केलं व्हतं का तिच्याशी?"

काका म्हणाले, "तुला डब्यात चढायचं असतं, तर तुला पण दार दिलं असतं."

संध्याकाळी गुळाचा नवा तुकडा मेरीबाईंनीच आणून दिला. वर बजावलं, "मोटा तुकडा नको देऊस. पोटुशी हाय ती."

*

पुढची पायरी अरुंद जागेची. डबा म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंती, अंग घासणार. त्याची सवय करायला काकांना बांबूंची बोळ बांधायची होती. बांबू कुठून आणावेत? काकांनी मला लॉरी घेऊन डोंगरीला पिटाळलं. तिथे त्यांच्या मेहुण्याने बोंबील वाळत घालायचे जुने बांबू उदार मनाने लॉरीत भरून दिले.

झकास बोळ बांधली. मैनेला आणलं. ती वीस हातांवरूनच फुरफुरली आणि उलटी फिरली. काका डोकं खाजवायला लागले. "आज काय झालं हिला?"

मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "काका, वास!"

"वास? कसला वास?"

मेरीबाईंना बोलावलं. त्यांनी बांबूंना नाक लावून दीर्घ श्वास घेतला आणि निर्वाळा दिला, "न्हाय बा. काय वास न्हाय."

इथेच घोडं पेंड खात होतं! जन्मभर दर्याकाठी काढलेल्या दोन माणसांना पटवायचं कसं? शेवटी साक्ष मांजरांनी दिली. दुपारपर्यंत घोडबंदरची झाडून सगळी मांजरं बोळीत येऊन बसली. मग कुठे काकांनी बांबू राखेने घासून, शेणाने सारवून घेतले. मैना दुसऱ्या दिवशी बोळीतून आरपार गेली. मांजरं मात्र तबेल्यातच राहिली आणि वाडीतले उंदीर संपले.

*

आता माझी पाळी. लॉरीच्या आवाजाची सवय! काकांनी मला लॉरी लांबच्या माडाखाली उभी करायला लावली. मैनेला चारा टाकायचा आणि मी इंजिन चालू करायचं. ती खायची थांबली की इंजिन बंद. रोज लॉरी थोडी जवळ.

कोळशाच्या धुराने मला जो खोकला यायचा, तो इंजिनच्या वर! चार-पाच दिवसांनी मैना इंजिनला सरावली, कानसुद्धा हलवेना. पण मी खोकलो की उधळायची.

काका गंभीरपणे म्हणाले, "ड्रायव्हर, पुण्यापर्यंत तू खोकणारच. सवय करू."

म्हणून त्या आठवड्यात काका मोरकी धरून उभे आणि मी समोर उभा. काका म्हणायचे, "खोक!" मी खोकायचो. "अजून!" मी खोकायचो. रस्त्यावरून जाणाऱ्या आमच्या गावच्या, नवघरच्या, ओळखीच्या माणसाने ते बघितलं आणि आमच्या घरी निरोप दिला, की तुमच्या मुलाला मोठं दुखणं झालंय आणि एक किरिस्ताव वैद्य त्याला तपासतोय. आई रडत वाडीत आली. तिला समजावताना नाकी नऊ आले. जाताना तिने मैनेच्या कपाळावरून हात फिरवला आणि काकांना म्हणाली, "दोघांना नीट पोचवा."

*

महिना संपत आला, डबा परत अंगणात आणला आणि एका सकाळी मैना स्वतःहून चढणीवर गेली. दोन पाय, चार पाय, आख्खी आत! आतला चारा खायला लागली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? आम्ही तिघंही बाजूला उभे, मी, काका आणि मेरीबाई.

तेवढ्यात शेठ झाडामागून धावत आले. "बंद कर, बंद कर!" ओरडत त्यांनी स्वतःच मागची फळी उचलली आणि धाडकन लावली.

मैना आतमध्ये बेभान झाली. काकांनी फळी पाडली तेव्हा ती उलट्या पावली बाहेर आली, गुडघा सोललेला, अंग घामाने निथळलेलं. सगळं मुसळ केरात!

काका शेठच्या समोर गेले. आवाज चढवला नाही. "शेठ, तिनं इश्वास टाकला व्हता. आता तुमी वाडीत येऊ नका."

मालकाला मालकाच्या वाडीत बंदी! आणि आमचे शेठ मान खाली घालून गेले, बरं का. पण जीव राहीना. दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या बांधावर झुडपात बसून दुर्बिणीने घोडी बघायला लागले.

लढाईचे दिवस, खाडीचा काठ, झुडपात दुर्बीण! तिसऱ्या दिवशी कॅप्टन दोन शिपाई घेऊन मागून हजर. "इडर क्या डेखटा हाय?"

शेठ घाबरून उभे राहिले आणि खरं तेच बोलले, "साहब, घोडी का पाँव देखता है. चढती है का नहीं."

कॅप्टनला वाटलं, ही काहीतरी सांकेतिक भाषा असणार. त्याने दुर्बीण हिसकावली आणि स्वतः डोळ्यांना लावली. तिकडे अंतोनकाका पुन्हा पहिल्यापासून, सैल दोराने, एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे करत होते. कॅप्टन बघत राहिला. बराच वेळ झाला. शेठ हळूच म्हणाले, "साहब, अब मेरे को दो."

"वेट!" कॅप्टन म्हणाला.

त्यानंतर बांधावर दोघे बसायचे.

*

वाडी रिकामी करायचा शेवटचा दिवस उजाडला. मैना पुन्हा चढायला लागली होती, पण फळी लावू देत नव्हती. गॅस पेटायला वेळ लागतो म्हणून मी भल्या सकाळी आलो, तर तबेला मोकळा. मोरकी खाली पडलेली. मी ओरडतच काकांकडे धावलो. आम्ही बांध बघितला, खाडी बघितली, मेरीबाई माडांमध्ये हाका मारत फिरल्या.

आणि डब्यातून खिंकाळी आली.

मैना आत उभी होती. तिच्या पायांशी, गवतात, ओलं शिंगरू चार काटकुळे पाय चार दिशांना फाकवून उभं राहायची खटपट करत होतं. अख्खी वाडी सोडून तिने तीच जागा निवडली होती. काका जमिनीवर गुडघ्यांवर बसले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि लहान पोरासारखे रडले. मेरीबाई रडत रडत त्यांनाच रागावत होत्या.

शेठ आले, त्यांनी लांबूनच विचारलं, "अरे, चढवली का?"

"शेठ, दोगं पन चढली हायत."

मागोमाग ताबा घ्यायला कॅप्टन. त्याने आत डोकावलं, टोपी सरळ केली आणि शिपायाला सांगितलं, की वाडी अजून रिकामी नाही, नवीन भाडेकरू आला आहे. आठवड्याची मुदत मिळाली!

काका म्हणाले, प्रवासाआधी शिंगराला जमिनीवर पळवून पाय घट्ट करायला पाहिजेत. ठीक आहे. मैना चढणीवरून खाली उतरली. शिंगरू वरच्या कडेला येऊन थांबलं आणि किंचाळलं. मैना परत वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. जी घोडी महिनाभर चढेना, ती दिवसातून दहा खेपा घालायला लागली, कारण डब्यात जन्मलेलं तिचं पोर जमिनीला घाबरत होतं!

उचलून खाली आणू म्हटलं तर काका ऐकेनात. "त्याच्या पायानं येऊ दे."

तिसऱ्या सकाळी मी वाडीत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. चढणीच्या खालच्या टोकाला कॅप्टन गुडघ्यांवर बसला होता. टोपी काढून शेजारी जमिनीवर ठेवलेली, तळहातावर गुळाचा खडा, आणि तोंडाने इंग्रजीत काहीतरी गोड-गोड चाललेलं. बांधावर शेठ तोंडावर हात दाबून उभे. साहेबाच्या शेजारी अंतोनकाका.

काका कुजबुजले, "साब, ते दूद पितं. गूळ न्हाय."

कॅप्टनला काही कळलं नाही, पण तो हलला नाही. फळीच्या टोकापर्यंत उतरलेल्या शिंगराने मान लांब केली, हुंगलं, थरथरलं, आणि पहिला पाय खाली टाकला तो नेमका साहेबाच्या टोपीवर!

कॅप्टनचा हात टोपीकडे गेला. काकांनी त्याचा हात अलगद धरला. "टोपी ऱ्हाऊ द्या, साब. त्याला पटली हाय."

साहेबाने काकांकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. शिंगराने दुसरा पाय पण टोपीवर ठेवला.