योस्टच्या मातीला खालचा आवाज

डोंगरातल्या हिंटरबाख गावच्या पुरुष गायन मंडळाचा इतिहास काश्पार ड्युर्स्टला विचारलात, तर तो झेंड्यापासून सुरुवात करेल. रेशमी झेंडा कोणाच्या पणजीने शिवला, कोणत्या मेळाव्यात कोणाचं नाक कापलं, सगळं त्याला तोंडपाठ. असणारच. तो मंडळाचा अध्यक्ष, त्याच्या आधी त्याचा बाप अध्यक्ष, आणि गावातली लाकडं कापायची गिरणीही त्यांचीच. पण झेंडा काही गात नाही. गातात ती मेल्क रीनरसारखी माणसं, आणि मेल्कचं नाव आजवर कुठल्याही भाषणात आलेलं नाही.

मेल्क काश्पारच्याच गिरणीत ओंडके पुढे सरकवायचा. अंगाने आडवा, बोलायला महाग, आणि सगळ्यात हळू. विनोद झाला की तो हसायचा तेव्हा बाकीचे पुढच्या विनोदावर पोहोचलेले असायचे. मंडळात तो खालचा आवाज. चार आवाजांच्या गाण्यात चाल असते वरच्या आवाजाकडे, मधले दोन तिला सांभाळून घेतात, आणि खालचा म्हणजे घराचा पाया: बघायला कोणी येत नाही, नसला तर घर बसतं. मेल्कने जन्मात कधी चाल गायली नाही. पोरांना झोपवतानासुद्धा तो आपला खालचाच सूर धरून घुमायचा. ते गाणं कोणतं हे त्याच्या मुलीला शाळेत गेल्यावर कळलं.

वरचा आवाज होता योस्ट त्सोप्फीचा. उतारावरचं रानगवत कापून हिवाळ्यात घसरगाडीवरून खाली आणायचं, चार गाई राखायच्या, आणि सोमवारी तालमीला यायचं, एवढंच त्याचं आयुष्य. पण तो गायला लागला की हिर्शेन खानावळीतल्या बायका स्वयंपाकघराचं दार उघडं टाकायच्या.

मंडळाचं गाणं बसवणारे म्हातारे शाळामास्तर गेले आणि मंडळ पोरकं झालं. शाळेचे नवे मास्तर शहरातले. त्यांना गाण्यापेक्षा स्की बरी. वार्षिक सभेत योस्ट उभा राहिला आणि म्हणाला, माझी बायको व्हेरेना चर्चमध्ये बाजा वाजवते, चारही आवाज तिला पाठ आहेत, तिला मंडळाची मास्तरकी द्या. सगळे हसायला लागले. काश्पारने समजावणीच्या सुरात विचारलं की पुरुषांच्या मंडळात बाई पुढे उभी राहून हात हलवणार, तर मग झेंड्यावरचं नाव पुसायचं का? कोणीतरी म्हणालं की आज मास्तरकी दिली तर उद्या या बायका मतदानाचा हक्कही मागतील. हात वर करून मतदान झालं. एकट्या योस्टचा हात वर होता. मेल्कचाही निघाला होता, पण तो खांद्यापर्यंत पोहोचला तोवर मोजणी आटोपली होती.

योस्टने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तो घरी गेला. त्यानंतर तो गोठ्यात गायचा. गोठा रस्त्याला लागून होता, त्यामुळे तालमीला जाणारे मुद्दाम सावकाश चालायचे. मंडळाने शेजारच्या गावचा एक निवृत्त पोस्टमन मास्तर म्हणून आणला, आणि गाणी पत्रं वाटल्यासारखी दारोदार थांबत चालू लागली.

सहा हिवाळ्यांनी योस्ट गेला. गवताची गाडी खाली आणताना छातीत कळ आली आणि तो गाडीला टेकून बसला तो बसलाच.

आमच्याकडे मंडळाच्या गड्याला मंडळ गाऊन निरोप देतं. राजा असो वा गवळी, खड्ड्यापाशी तेच एक गाणं. पण आपणहून मंडळ सोडणाऱ्याला ते मिळत नाही, असा नियम काश्पारच्या आजोबांनी करून ठेवला होता. व्हेरेना स्वतः काश्पारच्या दारी गेली आणि त्याच्याकडे तेवढं एक गाणं मागितलं. काश्पारने तिला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि नियम ऐकवला.

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळ हिर्शेनमध्ये जमलं. काश्पारने सांगितलं की मातीला सगळ्यांनी जावं, शेजारधर्म म्हणून, पण झेंडा निघणार नाही आणि तोंड कोणी उघडणार नाही. माना हलल्या. मनातून कितीजणांना ते पटलं होतं देव जाणे, पण गिरणीचं लाकूड आणि गिरणीचं काम अर्ध्या गावाला लागतं.

"मी गाईन," मेल्क म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. मेल्क सभेत बोलला ही गोष्टच नवी होती.

"एकटा?" काश्पार हसला. "अरे, खालचा आवाज एकटा ऐकून लोकांना वाटेल गोठ्यात गाय अडलीय."

"वाटू दे."

"मग या खुर्चीवर पुन्हा बसू नकोस. आणि मेल्क, सकाळी गिरणीत आपल्याला एकमेकांची तोंडं बघायची आहेत, एवढं ध्यानात ठेव."

"माझं मी धुऊन येईन," मेल्क म्हणाला. त्याने ग्लास रिकामा केला, टोपी घेतली आणि तो निघाला. हे एवढं चटकन उत्तर त्याला कुठून सुचलं याचं त्याला स्वतःलाच वाटेभर नवल वाटत होतं.

घरी बाबेटने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली की तुला चाल तर येतच नाही. मेल्क म्हणाला, जे येतं ते गाईन. काम गेलं तर, असं त्याने विचारायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली की तिचा भाऊ सूतगिरणीत आहे, आणि आजवर कोणी उपाशी मेलेलं नाही. मग तिने त्याचा काळा कोट काढून खिडकीत टांगला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हळू गाऊ नकोस. गायचंच आहे तर त्या काश्पारच्या पोटात गोळा आला पाहिजे."

मातीला सगळा गाव आला. बर्फ बाजूला करून वाट केली होती, आणि मंडळाचे गडी भिंतीच्या कडेने उभे होते, झेंड्याविना, चोरासारखे. पाद्रीबुवांनी प्रार्थना संपवली आणि ते एक पाऊल मागे सरले. तिथे गाणं असतं. बुवांच्या पायाला सवय होती, म्हणून ते सरले आणि मग काय करावं हे न सुचून उभे राहिले.

मेल्क पुढे झाला. त्याने टोपी काखेत धरली आणि सुरुवात केली.

खालच्या आवाजाला या गाण्यात फारसं काही नाही. एक लांब सूर, मग तोच तीनदा, मग गप्प राहायचं, कारण तिथे चाल वर चढते. मेल्क गप्प राहिला. वर काहीच चढलं नाही. त्या शांततेत कोणीतरी नाकातून फिसकन हसलं, आणि मेल्कचे कान लाल झाले. पण तो हटला नाही. आपली जागा आली तसा तो पुन्हा खाली उतरला, आधीपेक्षा मोठ्याने.

तेव्हा व्हेरेनाने शालीतून हात बाहेर काढला.

सुरुवातीला लोकांना वाटलं, ती त्याला थांबवतेय. ती ताल देत होती. मेल्कला गप्प राहायचं तिथे तिची बोटं मिटली, सुरू करायचं तिथे उघडली, आणि मेल्कला त्या शांततेची भीती वाटेनाशी झाली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती भिंतीकडे वळली. तिथे बेकरीवाले हेफ्ती भाऊ उभे होते, तिसऱ्या आवाजाचे. तिने त्यांच्याकडे बघून हात उचलला. इतकी वर्षं ज्यांनी उचललेल्या हाताबरोबर श्वास घेतला, ते करतील काय? दोघांनी श्वास घेतला आणि घेतल्यावर गाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग दुसऱ्या आवाजाचे तिघे आले, एकमेकांकडे न बघता.

उरला वरचा. योस्टनंतर तो आवाज काश्पारचा होता. व्हेरेना पूर्ण वळली आणि तिने त्याला खूण केली, स्वच्छ, सगळ्यांना दिसेल अशी. काश्पारची छाती श्वासाने भरली, कोटाची बटणं ताणली, हे सगळ्या गावाने पाहिलं. पण तोंड त्याने मिटलेलंच ठेवलं.

गाणं कोणासाठी थांबत नाही. तीन आवाजांनी ते शेवटपर्यंत नेलं. चाल कोणी गायली नाही, पण ज्यांनी गोठ्यापाशी पावलं सावकाश टाकली होती त्यांना ती ऐकू येत होती. बाबेट रडली. हेफ्तींमधला धाकटाही रडला, आणि नंतर थंडीचं कारण सांगत बसला.

मग हात मिळवायला रांग लागली. काश्पार अध्यक्ष म्हणून पुढे होता, त्याच्या मागे मेल्क. काश्पारने टोपी काढली, हात पुढे केला आणि तुझ्या दुःखात आम्ही आहोत असं रीतीप्रमाणे म्हणाला.

व्हेरेनाने त्याचा हात धरून ठेवला.

"मी तुला खूण केली होती, काश्पार. तू आला नाहीस. तुझ्या मातीला योस्ट आला असता. गायलाही असता."

तिने हात सोडला तेव्हा काश्पार बाजूला झाला, पण गेला नाही, टोपी फिरवत तिथेच उभा राहिला. व्हेरेना मेल्ककडे वळली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"सोमवारी तालीम माझ्या घरी," ती म्हणाली. "आणि तू दर ओळीला अर्धा ठोका मागे असतोस. ते माझ्याकडे चालणार नाही."

"बरं, मास्तर," मेल्क म्हणाला.

गावात हा शब्द बाईला आजवर कोणी लावला नव्हता. मेल्कने तो मोठ्याने लावला, काश्पारच्या कानाशी.