मांजराला लावलेलं गोचिडाचं औषध

मांजर गोठ्याच्या दारात आडवी पडली होती. पाय ताठ झाले होते, अंग थडथड उडत होतं आणि तोंडातून फेस गळत होता. माझा धाकटा दीर दांडकं घेऊन तिच्या डोक्याशी उभा होता.

"वहिनी, सरका बाजूला. पिसाळलीय ती."

मी सरकले नाही. थोड्या वेळापूर्वी तिला उचलायला गेले तेव्हा तिने माझ्या मनगटावर नखं ओढली होती. रक्त आलं होतं. ते दिराने पाहिलं आणि तो जास्तच पेटला.

"बोचकारलंय तुमाला. आता बेंबीभोवती चौदा सुया. रोज बारामतीचा हेलपाटा. आन् वर हिला जित्ती ठिवायची?"

"सुया मला टोचणार का तुमाला? दांडकं खाली ठिवा."

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. काटेवाडीत सकाळी सगळे डेअरीला दूध घालून परत येत असतात. चार-पाच जण किटल्या घेऊन आमच्या दारात थांबले. मरणारं जनावर बघायला लोकांना वेळ असतो. एक जण माझ्या नवऱ्याला म्हणाला, "आबा, तुमीच सांगा. जनावरातलं तुमास्नी कळतं."

नवरा हौदाजवळ तंबाखू मळत उभा होता. मान वर न करता म्हणाला, "मांजराचं काय आपल्याला कळत न्हाय."

तिथेच मला शंका आली. लग्न झाल्यापासून हा माणूस अमुक मला कळत नाही असं कधी म्हणाला नव्हता. गावातल्या कुणाच्याही गाईचं पोट फुगो, याला विचारायला माणसं यायची आणि हा खुर्ची मागून घेऊन सांगत बसायचा.

मी बारदान टाकून मांजर गुंडाळली आणि उचलली. तसा तिच्या मानेतून उग्र वास आला. केस चिकट लागले. तो वास ओळखायला मला डॉक्टर लागत नव्हता. दावणीला तीन जर्सी होत्या. त्यांना गोचीड झाले की औषध बादलीभर पाण्यात कालवायचं आणि फडक्याने अंगाला पुसायचं, हे मी स्वतः करत होते.

"अवं, हिला गोचिडाचं औषध लावलं का तुमी?"

किटलीवाले त्याच्याकडे बघायला लागले.

"लावलं का?"

"वाईच लावलं. पिसवा झाल्यात म्हणून तूच वराडत हुतीस."

"पाणी घातलं हुतं का?"

"बोळा भिजवून लावला नुसता. वासराला लावतो त्याच्या निम्मं बी न्हाय."

म्हणजे बाटलीतलं तसंच लावलं होतं. पिसवांबद्दल मी ओरडले होते हे खरं. नातीच्या गोधडीत पिसवा झाल्या होत्या. पण मांजर दिवसभर अंग चाटत बसते हे पोरासोरालाही माहीत असतं. ह्या जाणत्या माणसाच्या ते डोक्यात आलं नाही.

तेही मी सोडून दिलं असतं. चूक माणसाकडून होते. पण भाऊ दांडकं उगारून उभा असताना हा तंबाखू मळत होता. एक शब्द बोलला असता तर दांडकं खाली आलं असतं. चार किटलीवाल्यांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून ह्याने मांजर मारू दिली असती आणि बायकोच्या पोटात चौदा सुया टोचू दिल्या असत्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

दिराला म्हटलं, "भावजी, सायकल काढा. डेअरीवर जनावरांचा डॉक्टर आलाय, त्याला घिऊन या." तो गेला. चुलीवर अंघोळीचं पाणी होतंच. सुनेने मांजर धरली आणि मी कपड्याचा साबण लावून तिला तीनदा धुतली. नवरा पुढे झाला, "मी धरू का?" म्हणाला.

"तुमी खुर्चीत बसा," मी म्हणाले.

डॉक्टर आला. म्हणाला, "आजी, मी गाईम्हशींचा माणूस. मांजराला सुई टोचायची ही पहिलीच वेळ." पण टोचली. धुतलं ते बरं केलं, अंगाला ऊब द्या, जगेल का ते सांगत नाही, असं म्हणाला. मी मनगट पुढे केलं. त्याने आधी ते साबणाने धुवायला लावलं.

"मांजराला झालंय ते औषधाचंच दिसतंय. पण खात्री कोण देणार? दहा दिवस हिच्यावर लक्ष ठेवा. ही मेली तर थांबू नका, सरळ बारामती गाठा."

म्हणजे आता तिचं जगणं आणि माझ्या सुया एकाच दाव्याला बांधल्या गेल्या.

दोन दिवस ती थरथरत होती. चुलीजवळ टोपलीत ठेवली, कापसाने तोंडात पाणी पिळलं. नवरा दारातून विचारायचा, "कसं हाय?"

"मांजराचं का माझं?"

"दोघींचं."

"तुमाला काय करायचंय? मांजराचं तुमाला कळत न्हाय."

चौथ्या दिवशी गिरणीत दळण घेऊन गेले, तर तिथली बाई विचारते, "तुमच्या मांजराला ऊन लागलं म्हणं?" डेअरीवर ह्याने तसं सांगितलं होतं. मी गिरणी बंद करायला लावली आणि तिथल्या सगळ्या बायकांना खरं काय ते मोठ्याने सांगितलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "गावभर कशाला सांगायचं?" मी म्हटलं, "तुमी वेळेवर घरात सांगितलं असतं तर गावात सांगायची पाळी आली नसती."

पाचव्या दिवशी मांजर उठून वाटीभर दूध प्यायली. मी रोज तिचं तोंड उघडून बघत होते, मनगट बघत होते. दहावा दिवस गेला. बारामतीला जावं लागलं नाही. मांजर जगली आणि मीही जगले.