रिजवरून उतरताना

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर परवा निखाऱ्यांवर भाजलेल्या रताळ्यांचा वास आला आणि काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक दुपार आठवली. बाबा तरुणपणी नोकरीसाठी नागपूरहून दिल्लीत आले आणि रविवारी मला घेऊन पायीच शहर पालथं घालायचे. निवृत्तीनंतरही आमचं ते हिंडणं सुटलं नव्हतं. त्या दिवशी रिज या दिल्लीतल्या जंगली टेकडीचा चढ चढताना हिंदूराव रुग्णालयाकडे बोट दाखवून "हा हिंदूराव आपला मराठी माणूस, बरं का," हे त्यांनी शंभराव्यांदा सांगितलं. वर माकडं ऊन खात बसली होती. आम्हीही कठड्यावर बसून रताळी खाल्ली. हात पुसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बेटी, आप रास्ता भूल गई हैं क्या?" हिंदी ते फक्त परक्यांशी बोलायचे. मला आधी थट्टाच वाटली. "बाबा, मी आहे," मी म्हटलं. ते ओशाळले. "माफ कीजिए, पहचाना नहीं. चलिए, मेट्रो तक छोड़ देता हूँ." आणि खरोखरच, एकही वळण न चुकता, वाटेतल्या जुन्या इमारतींची माहिती पाहुण्याला द्यावी तशी देत, त्यांनी मला स्टेशनपर्यंत आणलं. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "अब चली जाएँगी न?" "जी, अंकल," एवढंच मी म्हटलं आणि त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं. त्यानंतर त्यांनी मला कधीच ओळखलं नाही. आता बाबा नाहीत. त्या जिन्यापाशी आणखी एकदा 'बाबा' म्हणून हाक मारून पाहायला हवी होती, असं मला अजून वाटतं.