विश्वास कुठल्या खात्याचा?

दीनानाथ मयेकरांना मी पहिल्यांदा भेटले ती सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला, त्यांच्या नातीच्या कॉन्डोत. वय पंच्याऐंशीच्या घरात, पाठ ताठ, शर्ट इस्त्रीचा. बोलताना खालचा ओठ पुढे काढायची सवय, जणू तोंडात काहीतरी कडू आलंय आणि थुंकायला जागा नाही. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. साम्राज्य आवरताना इंग्रजांनी सिंगापूरमधला आपला राजनैतिक कारभार एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे कसा सोपवला, हा माझा विषय. मयेकरकाका त्या काळी तसल्याच एका कचेरीत टायपिस्ट होते, हे मला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कळलं, आणि मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेले.

"काका, हस्तांतर कसं झालं ते सांगाल?"

"हस्तांतर!" ओठ पुढे आला. "शब्द बरो शोधलंस गो. एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात द्यायला आधी हात लागतात. त्यांच्याकडे नुसत्या बाह्या होत्या, कडक इस्त्रीच्या."

"आजोबा, बी नाइस ला," आर्या, त्यांची नात, आतून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"मी नाइसच बोलतोय," ते म्हणाले.

दीनानाथ आणि विश्वास हे दोघे भाऊ मालवणचे. वडील गेल्यावर मामाने दोघांना इकडे आणलं. मामा बंदरावर कामाला होता. थोरले दीनानाथ टायपिंग शिकले आणि टँगलिनजवळच्या टेकडीवर एका ब्रिटिश कचेरीत लागले. धाकट्या विश्वासला खुर्चीत बसवत नसे. तो एका चिनी शेठच्या, इकडच्या भाषेत तौकेच्या, होडीवर इंजीन सांभाळू लागला. होडी समोरच्या इंडोनेशियन बेटांवरून खोबरं आणि रबर आणायची. आईला दोघांच्या नोकऱ्या कळल्या तेव्हा तिने थोरल्याचा फोटो देवाजवळ लावला आणि धाकट्यासाठी नवस बोलली.

साल त्रेसष्ट. सिंगापूरचा घरचा कारभार तोवर इथल्या लोकांच्या हाती आला होता, पण परक्या देशाशी काही बोलायचं तर ते अजून इंग्रजच बोलत. सप्टेंबरात सिंगापूर मलेशियात सामील होणार होतं. म्हणजे ताब्यातल्या मुलखांचं बघणारं लंडनचं जुनं खातं इथून उठणार, आणि मोकळ्या झालेल्या देशांशी संबंध ठेवणारं नवं खातं त्याच इमारतीत येऊन बसणार. इंडोनेशियाला मलेशियाची कल्पनाच मान्य नव्हती. त्यांच्या गस्ती बोटी सिंगापूरच्या होड्या पकडू लागल्या. ऑगस्टात विश्वासची होडी धरली, आणि माणसांना पलीकडच्या एका बेटावर तुरुंगात टाकलं.

दीनानाथ दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या साहेबासमोर उभे राहिले. हॅलम नावाचा उंच, गुलाबी माणूस. त्याने मान तिरकी करून सगळं ऐकलं, "फार वाईट झालं" असं म्हटलं आणि अर्ज लिहून द्यायला सांगितला. दीनानाथांनी तो तिथेच बसून टाइप केला.

"मला वाटलं, चला, आपण आतले आहोत," काका मला म्हणाले. "बाहेरच्याला फाटकापाशी ताटकळावं लागतं. मी तर रोज साहेबाची पेन्सिल टोकदार करून ठेवणारा माणूस."

पण कचेरीला तेव्हा वेगळंच वेड लागलं होतं. नव्या खात्याची दोन माणसं आधीच येऊन बसली होती. जुन्यांचं म्हणणं, सामान आमचं. नव्यांचं म्हणणं, सामान इमारतीचं. एका गोल टेबलावरून आठवडाभर चिठ्ठ्या चालल्या. थंड हवेचं यंत्र कुणाच्या खोलीत राहणार, यावर दोन मोठ्या साहेबांचं बोलणं बंद झालं. ते एकमेकांना दीनानाथांमार्फत निरोप पाठवत आणि दीनानाथ चार पावलं चालून तो पोचवत. फाटकावरच्या पाटीत नव्या खात्याचं नाव वर की खाली, हा प्रश्न लंडनपर्यंत गेला. विश्वासचा अर्ज मात्र खोलीच्या बाहेर गेला नव्हता. तो चहाच्या रिकाम्या खोक्यात पडला होता. निकाल न लागलेली सगळी प्रकरणं त्या खोक्यात टाकली होती, कारण ती कुणी न्यायची हेच ठरलं नव्हतं. खोकं दोन खोल्यांमधल्या उंबरठ्यावर ठेवलेलं. जाणारा येणारा ते ओलांडून जाई.

"तुम्ही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"रोज बोललो. जुना म्हणायचा, आता आम्ही काय, चार दिवसांचे पाहुणे. नवा म्हणायचा, आम्ही अजून बसलो कुठे? आणि मलेशिया झाल्यावर दोघं मिळून म्हणाले, हा तर आता मलेशियाचा माणूस, क्वालालंपूरला विचारा. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं."

मग हॅलमने उत्तर सांगितलं आणि दीनानाथांनी ते टाइप करायला घेतलं. आपल्या सख्ख्या भावाबद्दलचं, स्वतःच्याच नावाने आलेलं उत्तर: सदर इसम आता या कचेरीच्या कक्षेत येत नाही.

"सर, हा माझा भाऊ आहे," टाइप करता करता ते थांबून म्हणाले.

"मला ठाऊक आहे, मिस्टर मयेकर. म्हणूनच मी 'खेद वाटतो' असं घातलंय."

सही झाली. दीनानाथांनी कागद घडी करून खिशात ठेवायला घेतला. हॅलमने हात आडवा केला. सरकारी उत्तर पोस्टानेच जायला हवं. तेव्हा दीनानाथांनी स्वतःच्या हाताने पाकिटावर स्वतःचा पत्ता घातला आणि ते टपालाच्या थैलीत टाकलं. मामाच्या खोलीवर पोस्टमन ते घेऊन आला तेव्हा मामाला वाटलं, साहेबाने काम केलं, आणि त्याने पोस्टमनला लाडू दिला.

ही गोष्ट सांगताना काका हसले नाहीत. त्या माणसांबद्दल राग असल्याचंही मला दिसलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर होतं ते, चपलेखाली काही मऊ आलं की आपण पाऊल उचलून बघतो तसलं.

त्याच संध्याकाळी ते होडीच्या मालकाकडे, तौके क्वेककडे गेले. बनियनवर बसलेला ठेंगणा म्हातारा. त्याने विचारलं, "तुझे साहेब काय करतायत?"

"टेबलं हलवतायत."

म्हातारा खूप वेळ हसला. मग म्हणाला, युद्ध असो नाहीतर काही, बेटावरच्या माणसांना सिगारेट लागते, कापड लागतं, बॅटरीचे सेल लागतात. आणि पहारेकरीही बेटावरचीच माणसं. त्याचीही दोन माणसं आत होती. रात्रीच्या चोरट्या होड्या कधीच बंद पडल्या नव्हत्या. दीनानाथांनी फक्त एवढंच करायचं, की पहारेकऱ्यांना विश्वास ओळखता येईल असा फोटो द्यायचा. विश्वासचा एकच फोटो होता, दोघा भावांचा एकत्र. तो त्यांनी मधून कापला.

नव्या खात्याने दीनानाथांना ठेवून घेतलं, वर बढती देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही आणि नोकरी सोडली. मामा चिडला. "इंग्रजाची नोकरी सोडतात का कधी? वेड लागलाहा तुका!" दीनानाथ एका जहाजांना शिधा पुरवणाऱ्या दुकानात हिशेबनीस म्हणून लागले आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राहिले.

विश्वास परतला तो दिवाळीनंतर, खोबऱ्याच्या पोत्यांखाली झोपून. पासिर पांजांगच्या किनाऱ्यावर दीनानाथ त्याला न्यायला गेले होते. हिवतापाने तो निम्मा झाला होता, पुढचे दोन दात नव्हते. किनाऱ्यावर बसल्या बसल्या त्याने आधी पाणी मागितलं, मग इकडेतिकडे पाहिलं.

"दादा, साहेब नाही आला?"

"कुठला साहेब?"

"तुझा. तुरुंगात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ सरकारात आहे, तो माणूस पाठवणार म्हणून. कुणी गोरा फाटकाशी आला की मी उभा राहायचो. एकदा एक डच पाद्री आला, तर त्यालाच मी सलाम ठोकला." तो हसला. "मग कुणी सोडवलं?"

"सिगारेटींनी," दीनानाथ म्हणाले.

विश्वासला ते पटेना. त्याला वाटलं, दादा नम्रपणा करतोय. घरी पोचेपर्यंत तो म्हणत राहिला की उद्या साहेबाला भेटून आभार मानायला हवेत, नवा शर्ट घ्यायला हवा. शेवटी दीनानाथांनी ते पत्र त्याच्या हातात दिलं. विश्वासला इंग्रजी जेमतेम येई. त्याने अक्षर अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "सदर इसम म्हणजे मी?"

"तूच."

"आणि हे टाइप कुणी केलं?"

"मी."

विश्वासने कागद परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी उठल्यावर मात्र त्याने भावाच्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली, आणि त्यावरून दीनानाथांनी ओळखलं की आपल्यावर राग नाही. पुढे विश्वास एका गॅरेजमध्ये फिटर झाला, लग्न केलं, मुलंबाळं झाली. पाण्यावर पुन्हा गेला नाही. भाऊ गेल्याला आता बरीच वर्षं झाली, असं काका म्हणाले.

मी हे सगळं आमच्या सामाईक लेखात लिहिलं. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख प्राध्यापक हेमचंद्र यांनी तो मजकूर काढून टाकला आणि त्या जागी 'प्रशासकीय विलंबाची काही तुरळक उदाहरणं' असे शब्द घातले. लेखाचं सूत्र, त्यांच्या मते, हस्तांतर सुरळीत झालं हे होतं. कागद सांगतात तसं. मी म्हटलं, कागद टेबलाबद्दल सांगतात. ते म्हणाले, भावनेला तळटीप देता येत नाही. मी माझं नाव काढून घेतलं. लेख त्यांच्या एकट्याच्या नावाने छापून आला, आणि त्यावर परिषदेत टाळ्याही पडल्या. गोल टेबलावर भांडलेल्या माणसांना अजूनही टाळ्या मिळतात, आणि त्या देणारी माणसं आता आपल्यातलीच असतात.

मी काकांना हे सांगायला गेले तेव्हा मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

"कसलं वाईट?" ते म्हणाले. "छापा, नाहीतर नका छापू. आता तू स्वतंत्र लिहिणार?"

"हो."

"मग हॅलमचं नाव बरोबर लिही. आणि तौकेचं आधी लिही." ते उठले आणि चपला शोधू लागले. "आर्या, चल गो. मार्केटात बांगडे आले असतील, उशीर केला तर उरलेसुरलेच मिळतील."