रेखाशेजारची जागा

रेखाचे आईवडील ऊसतोडीला आले होते, म्हणून ती आमच्या शाळेत नवी होती. दुपारच्या खिचडीला ती बसली, की शेजारच्या मुली लांब सरकत. चार दिवस मी ते पाहिलं आणि शिक्षक असूनही गप्प राहिलो. पाचव्या दिवशी सहावीतली वैशाली ताटली घेऊन उठली आणि रेखाला खेटून बसली.

"अगं, तुझी आई रागावेल," एकजण म्हणाली.

"रागावू दे. मीच घरी सांगणार आहे."

धीर वयाबरोबर आपोआप येत नाही. तो असा उठून आणावा लागतो. मीही ताटली घेतली आणि त्या दोघींसमोर मांडी घातली.

"सर, उद्यापण बसाल ना?" वैशालीने विचारलं.

"बसेन," मी म्हणालो, आणि ऊसतोड संपेपर्यंत रोज बसलो.