शालनच्या स्थळाची इर्जिक

इर्जिक या शब्दातलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

एखाद्याची नांगरट अडली की सगळी भावकी आपापली बैलं आणि नांगर घेऊन येते आणि एका दिवसात रान उरकून देते. मजुरी नाही, धन्यानं फक्त पोटभर जेवू घालायचं. ही झाली इर्जिक. पंचाहत्तरच्या आसपास मी साताऱ्याला मराठीत एम.ए. करत होतो, त्यामुळे हे (कुणी विचारलं नसलं तरी) भेटेल त्याला सांगत असे.

सुट्टीला इस्लामपूरला घरी आलो, तर आई डोक्याला हात लावून बसलेली. सोमवारी धाकट्या बहिणीला, शालनला, बघायला पलूसचे पाहुणे येणार होते. वडील पलटणीत, चुलीच्या धुरानं भिंती काळ्याकुट्ट आणि चुना मारायला माणूस मिळेना. आधीची दोन स्थळं परत गेलेली. हेही गेलं तर काय, या काळजीनं आईनं देव पाण्यात ठेवले होते.

"इर्जिक घालू की!" मी म्हणालो.

"भित्ती काय नांगरायच्या हायत व्हय रं?" आईनं विचारलं. मी तिला शब्दाचा व्यापक अर्थ समजावला आणि आळीला आवतण देऊन आलो.

रविवारी अख्खी आळी कुंचे आणि बादल्या घेऊन हजर! इर्जिकीला माणूस पोराबाळांसकट जेवायला येतो, एवढंच माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात चुना चाललेला, म्हणून शालननं अंगणात तीन दगड मांडून भाकऱ्या थापायला घेतल्या. मी मधोमध उभा राहून व्युत्पत्ती सांगत होतो.

आणि भर दुपारी पलूसचे पाहुणे दारात! ऊस घेऊन कारखान्यावर आले होते, म्हणाले उद्याचं आजच उरकू. शालनच्या केसांत चुना, नाकाला काजळी. आई पदरानं तिचं नाक पुसायला धावली.

मुलाच्या वडिलांनी काय चाललंय विचारलं. इर्जिक म्हटल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि सरळ कुंचा उचलला. चालू इर्जिकीत हात बांधून बसायचं नसतं, ही त्यांच्याकडचीही रीत. नवरामुलगा शिडीवर चढला. मी खाली उभा राहून त्याला हा शब्द साताऱ्याकडे कसा वापरतात आणि सांगलीकडे कसा, ते सविस्तर सांगितलं. दोनदा चुना माझ्या डोक्यावर सांडला. (चुकूनच असणार.)

संध्याकाळी भिंती लख्ख झाल्या. हात धुऊन मुलाचे वडील आईपाशी आले.

"पोरगी पसंत हाय. येवढ्या मानसांचं रांधलं, पर कपाळाला आठी न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर आवं, दुपारपास्नं कुंच्याला हात न लावता नुसतं बोलतंय, ते कोन? घरचं न्हाई न्हवं?"

आईनं शालनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"शेजारचं हाय," ती म्हणाली.

लग्न ठरलं. साखरपुड्याला मलाही अगदी अगत्याचं बोलावणं होतं, शेजारी म्हणून.