अँबेसिडरच्या पत्र्यात दोन भोकं

मिस्त्रीनं गाडीचा डॅशबोर्ड उघडला आणि मला घरात बसवेना. भाजी चिरायला घेतली की अर्धी टाकून उठायची. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान, दुकानासमोर कडुनिंबाखाली आमची गाडी. पुढचा पत्रा सुटलेला, आतून वायरी लोंबलेल्या. कोंबडी साफ करायला घेऊन कुणी मध्येच उठून जावं, तशी ती दिसत होती. मी जायची, पाहायची, घरी यायची आणि पुन्हा जायची.

"काकू, तुम्ही पाह्यल्यानं काम लवकर नाही होत," मिस्त्री म्हणाला.

"अन् न पाह्यल्यानं तं होतच नाही," मी म्हणाले.

गाडी म्हणजे जुनी पांढरी अँबेसिडर, म्हाताऱ्याची. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर अहो-जाहो करते, लिहिताना कशाला? जन्मभर त्यानं हीच गाडी भाड्यानं चालवली. जळगाव जामोदहून सोनाळ्याला, शेगावला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाळंतपणाला. आता भाडी बंद झाली. गाडी आमच्या दोघांपुरती उरली. माझे गुडघे गेलेत. एसटीची पायरी मला चढवत नाही आणि ऑटोत हाडं खिळखिळी होतात. गाडी गेली की मी घरात बसले, आणि घरात बसणं मला कधीच जमलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नवऱ्याच्या काळजीपोटी हे सगळं केलं असं कुणी म्हणायला नको. काळजी होती, पण ती दुसऱ्या नंबरावर.

गाडीतली मीटरं केव्हाच मेली होती. वेगाचा काटा नुसता थरथरायचा. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा एका कोपऱ्यात पडून असायचा. म्हाताऱ्याचं त्यावाचून काही अडलं नाही. तो कानानं गाडी चालवायचा. पाणी कमी झालं की इंजिनचा आवाज जाड होतो, असं तो सांगायचा. चालता चालता एक हात वर करायचा. मागची बायामाणसं बोलता बोलता चूप व्हायची आणि हा मान तिरपी करून ऐकत राहायचा. मग म्हणायचा, "काही नाही, चालू द्या तुमचं." मला हसू यायचं. पण त्याची गाडी रस्त्यात कधी मेली नाही, हेही खरं.

मग त्याचे कान गेले. तो ते मानत नाही. काहीही विचारलं तरी "हाव" म्हणतो. भात घेता का, हाव. भात नको का, हाव.

यंदा होळी झाल्यावर आम्ही बुलडाण्याला निघालो होतो. बोथ्याच्या घाटात पंख्याचा पट्टा किंचाळायला लागला. रस्त्यावरची माकडं पळाली. मी ओरडले, "अवो, पट्टा ओरडून राह्यला!"

"हाव," म्हातारा म्हणाला आणि चढत राहिला.

पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बसली. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ती खाली आणली. इंजिन उघडावं लागलं.

मुलगा अकोल्याला एका कचेरीत कारकून आहे. तो आला, गाडी पाहिली, बापाकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "माय, आता बस झालं. इकून टाकू." त्यानं गिऱ्हाईकही काढलं. अमडापूरकडचा एक जण जुन्या गाड्या वरातीला आणि लग्नाआधीच्या फोटोंना भाड्यानं देतो. त्यानं मोबाइलवर आमच्या गाडीचे फोटो पाहिले आणि लगेच हो म्हणाला. अट एकच. आतला डॅशबोर्ड जसा आहे तसा पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. नवरानवरी तिथंच बसून फोटो काढतात म्हणे. अक्षय्य तृतीयेला मुलगा त्याला घेऊन येणार होता.

म्हातारा उठून बाहेर गेला. ओट्यावर बसला आणि गाडीकडं पाठ केली. मी दोन दिवस घरात फेऱ्या मारल्या. मग मिस्त्रीकडं गेले आणि विचारलं, "कान गेलेला माणूस डोळ्यानं गाडी चालवू शकते का?"

म्हाताऱ्याचे डोळे चांगले आहेत. मोतीबिंदू काढलाय.

मिस्त्रीनं मोबाइलवरून दोन नवी मीटरं मागवली. काळी, गोल, आत निळे आकडे उजळणारी. एक इंजिनची गरमी सांगणारं, दुसरं ऑइलचं. मी चौथी शिकले, पण आकडे ते आकडेच, मला वाचता येतात. म्हाताऱ्यानं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"हे कायले? गाडी मले सांगते न."

"गाडी सांगते," मी त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडले, "तुमाले आयकू येत नाही!"

दुकानात बसलेली माणसं हसली. म्हातारा लाल झाला. म्हणाला, "लावा. पण खाली लटकवा, पायापाशी. माह्या पत्र्याले भोक पाडू नका."

मिस्त्रीला ते पटलं. लोखंडी पट्टी वाकवून खाली लटकवता येतात, पत्रा शाबूत राहतो. मी म्हणाले, "गुडघ्यापाशी कोण पाहते? वर लाव, मधात. त्यायलेही दिसलं पाहिजे अन् मलेही."

"काकू, पत्रा एकदा कापला की कापला. मंग जुना भाव नाही येत गाडीले. सोच लो."

"मी सोचूनच आली."

मिस्त्रीनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा कडुनिंबाकडं पाहत होता. "काप," मी म्हणाले.

पत्र्यात आरी शिरली तसा माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. पण मी तिथून हलले नाही. जुन्या काट्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोकं पडली, वाटीच्या तोंडाएवढी. खाली पडलेले पत्र्याचे गोल तुकडे म्हाताऱ्यानं उचलून खिशात घातले. त्यांचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

गाडी मिळाली त्याच दिवशी मी सोनाळ्याला जायचं म्हणाले. तिथं काम काही नव्हतं. निघायचं होतं, एवढंच. गावाबाहेर आलो. मीटरवर निळा आकडा, त्र्याऐंशी. मिस्त्रीनं सांगितलं होतं, पंचाण्णवच्या वर गेलं की थांबायचं. मी आकड्यावरून नजर काढली नाही. पुढं म्हशी आल्या. म्हाताऱ्यानं हॉर्न दाबला आणि आकडा एकदम एकशे वीस.

"थांबवा!" मी त्याचा दंड धरून हलवला. त्यानं गाडी बाजूला घेतली, उतरला, बॉनेट उघडलं. आत सगळं ठीक. पाणी काठोकाठ. परत येऊन पाहतो तर आकडा चौऱ्याऐंशी.

पुढं एक सायकलवाला. हॉर्न. एकशे अठरा. "थांबवा!" पुन्हा बॉनेट, पुन्हा काही नाही. कान गेल्यापासून म्हातारा हॉर्न फार दाबतो, त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही म्हणून असेल. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यानं बॉनेट आपटलं.

"तुह्यं मीटर खोटं बोलते वं."

"माह्यं काऊन? तुमच्या गाडीत हाय."

"तू बसवलं. मी काढून फेकतो. पोरगं म्हणते तेच बरं. इकून टाकू."

हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. सोनाळा राहिलं बाजूला, आम्ही तिथूनच परत फिरलो. वाटेत मी सारखी काच खाली-वर करत होते. म्हाताऱ्यानं एकदाही हॉर्न दाबला नाही, समोर कुत्रं आलं तरी. घरी न जाता मी गाडी मिस्त्रीच्या दारात उभी करायला लावली.

मिस्त्रीनं हॉर्न दाबून पाहिला, आकडा उडाला. त्यानं मान हलवली. "मीटर बराबर हाय. अर्थ खराब हाय." अर्थ म्हणजे मीटरची एक वायर, ती गाडीच्या पत्र्याला कसावी लागते. तिथं पत्रा उघडा, स्वच्छ लागतो. त्यानं ती डॅशबोर्डाच्या जुन्या स्क्रूखाली कसली होती आणि हॉर्नचीही तिथंच होती. स्क्रू काढून त्यानं टॉर्च आत धरला आणि मला वाकायला सांगितलं. स्क्रूच्या भोवती पत्र्यावर एक तांबडा-काळा थर होता, जाड, डिंकासारखा.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"हे तुमचंच हाय, काकू."

मग मला कळलं. दर दसऱ्याला गाडीची पूजा मीच करते. बाहेर लावलेलं पुसून जातं म्हणून म्हातारा आत डॅशबोर्डावर लावायला सांगायचा. हळद, कुंकू, त्यावर तेलाचं बोट, वरून नारळाचं पाणी. मीही हात आखडता घेतला नाही. इतक्या वर्षांचं ते सगळं फटीतून आत झिरपून त्या स्क्रूपाशी साचलं होतं.

"मंग घास न," मी म्हणाले.

मिस्त्री काचकागद हातात घेऊन नुसता उभा राहिला. चांगला माणूस. वर्षानुवर्षं आमच्या घरचं दिवाळीचं फराळाचं ताट त्याच्याकडं जातं आणि ईदचा शीरखुर्मा आमच्याकडं येतो. म्हणाला, "पूजेचं हाय. माह्या हातानं कसं काढू? तुम्ही काढा."

"तुह्या हाताले काय झालं बे?"

"काढा न, काकू."

काढलं. सीटवर आडवी पडून, गुडघे दुमडून, जिथं हात पोचला तिथपर्यंत. म्हातारा दारात उभा राहून पाहत होता. त्याला वाटलं असेल, मी आधी हात जोडीन. मी जोडले नाहीत. देवाला राग यायचा असता तर घाटातच आला असता. खाली पत्रा चकचकीत निघाला. मिस्त्रीनं वायर पुन्हा कसली, हॉर्न दाबला. आकडा जागचा हलला नाही.

म्हातारा तरी म्हणाला, "पाहू." मीटर काढ म्हणाला नाही आणि ठेवतो असंही म्हणाला नाही.

अक्षय्य तृतीयेला मुलगा अमडापूरच्या माणसाला घेऊन आला. त्या माणसानं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"भाऊ, हे काय करून ठेवलं? हे तं भोकं पाडले."

मुलगा माझ्याकडं वळला. "माय, तुले सांगितलं होतं. तू मुद्दाम केलं?"

"हो."

तो माणूस चहा न घेता गेला. मुलगा अंगणात उभा राहून बोलत सुटला. गाडी भंगारात घालीन, बाबा ट्रकखाली आले म्हणजे मग तू भोकं पाहत बस, असं बरंच. मी चप्पल घातली.

"चाल, बसून पाह्य. आज बाबानं गाडी तापवली तं तूच नेऊन इक. मी बोलणार नाही."

आम्ही नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मुलगा मागं बसला होता, मी पुढं. थोड्या वेळानं पुढं कडब्यानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली, रस्ताभर पसरलेली, माणसाच्या चालीनं चालणारी. तिला ओलांडायला जागा नव्हती. म्हातारा तिच्या मागं रांगत राहिला. आकडा अठ्ठ्याऐंशी झाला. हॉर्न दाबलेला नव्हता. नव्वद झाला. एक्क्याण्णव.

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. माझा हात आपोआप त्याच्या दंडाकडं गेला, तो मी मांडीखाली दाबला. मी ओरडून गाडी थांबवली तर मुलगा म्हणणार, बाबा नाही चालवत, तूच चालवतेस. त्र्याण्णव. पट्टा बारीक आवाज करायला लागला होता. मुलानंही तो ऐकला. आरशात मला त्याचं तोंड दिसलं, तो काही म्हणणार होता. मी आरशातूनच मान हलवून नको म्हटलं. चौऱ्याण्णव. पायाच्या बोटांनी मी चपलेचा अंगठा इतका ओढला की तो निसटला.

म्हातारा मान तिरपी करून ऐकत होता, जुन्या सवयीनं. काय ऐकत होता कोण जाणे. मग त्याची नजर मधल्या पत्र्यावर आली, तिथं थांबली. पंचाण्णव. त्यानं गाडी बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

 त्यानं उतरून बॉनेट उघडलं, पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला, पेटीतून पाना काढला आणि पट्टा ताणायला घेतला. मुलगा उतरून त्याच्याजवळ उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं बापाच्या हातून पाना घेतला.

"घट्ट कर," म्हातारा म्हणाला.

"बाबा, घाटात नका जाऊ."

"हाव."

मुलानं त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि पुन्हा मोठ्यानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "आयकलं न बे. उन्हाळाभर नाही जात."

इंजिन थंड व्हायला वेळ लागतो. ते दोघं बाभळीच्या सावलीत टेकले. मुलगा म्हणाला, "माय, बस न जरा." मी गाडीभोवती फेऱ्या मारत होते, गुडघे दुखत असताना. काचेतून दर फेरीला आत पाहायची. म्हातारा मध्येच उठला, चावी फिरवून आकडा पाहिला आणि म्हणाला, "अजून नाही." पुन्हा जाऊन बसला. आता तोच सांगत होता, मला विचारायचं काही उरलं नव्हतं.

शेवटी तो "चला" म्हणाला. मुलगा पाना पेटीत ठेवत होता. बॉनेट अजून उघडंच होतं, तेव्हाच मी दार उघडून आत जाऊन बसले.